वॉर्सात लावलेला एक दिवा

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींचा वीकेंड बहुतेक वेळा ठरलेला असतो. शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी अ‍ॅमस्टरडॅम, रविवारी ब्रसेल्स, जमलं तर पॅरिस, आणि सोमवारी सकाळी लेक्चर. पहिल्या सेमिस्टरला मीही हेच केलं. त्या सहलीतली बसच्या खिडकीची गार काच तेवढी आठवते, बाकीचं सगळं फोटो उघडल्यावर. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातलं निम्म्याहून जास्त बर्लिनच्या खोलीभाड्यात जातं. उरलेल्यातून पै-पै वाचवून आपण फिरतो. ते पैसे असे धावपळीत संपवायचे नाहीत, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी एकटी पोलंडच्या राजधानीत, वॉर्साला गेले. बर्लिनहून थेट रेल्वे आहे, साधारण सहा तास लागतात. मैत्रिणींनी विचारलं, "वॉर्सा? तिथं काय आहे?" मी म्हटलं, तिथं कोल्हापूर आहे.

मी कोल्हापूरची. माझ्या आज्जीचं माहेर वळिवड्याजवळ. लहानपणी ती सांगायची, की तिच्या गावाशेजारी गोऱ्या बायका-पोरांची वसाहत होती, तिचे वडील तिथं दूध घालायला जायचे, आणि त्यातल्या एका बाईनं आज्जीच्या केसांना रिबीन बांधून दिली होती. आम्हाला वाटायचं, इंग्रज असतील. आज्जीलाही नक्की ठाऊक नव्हतं. बारावीनंतर कधीतरी मला कळलं, की ते पोलिश होते.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढं हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारण फिरलं आणि या लोकांची सुटका झाली. पोलिश जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातूनच सैन्य उभं केलं आणि १९४२ मध्ये सैनिकांबरोबर बायका-मुलंही इराणात पोहोचली. तिथून काही हजार जण हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला, ती गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पण सगळ्यात मोठी वसाहत आपल्याकडे होती. वळिवड्याला, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गाला लागून, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं तिथं होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो, तेच. एकाच जमिनीनं पाच वर्षांच्या आत दोन देशांच्या बेघर माणसांना जागा दिली, आणि आम्हाला शाळेत याचं एक वाक्यही शिकवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचले आणि आधी एका 'बार म्लेचनी'त जेवले. शब्दशः अर्थ दुधाचा बार. कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या या स्वस्त खाणावळी, सरकारी अनुदानावर चालतात. 'पिएरोगी रुस्किए' मागवा. उकडलेली करंजीच म्हणा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. शाकाहारी असाल तर 'बेझ मिएंसा' (मांसाशिवाय) म्हणायला विसरू नका, कारण वरून कधीकधी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. जेवणाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

शनिवारी १ नोव्हेंबर. पोलंडमध्ये या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. दुकानं बंद, म्युझियमं बंद. मी आधी जुन्या शहरात गेले. १९४४ मध्ये जर्मन ताब्याविरुद्ध झालेल्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा एकेक इमारत करत पाडलं. नदीच्या डाव्या तीरावरचं ८५ टक्के शहर उद्ध्वस्त झालं. आज उभं असलेलं जुनं शहर म्हणजे लोकांनी युद्धानंतर पुन्हा बांधलेलं शहर. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या चित्रकारानं काढलेली वॉर्साची चित्रं समोर ठेवून, आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी केलेली मोजमापं वापरून. ती ड्रॉइंग्ज युद्धात पिओत्रकुफच्या मठात लपवून ठेवली होती. हे सगळं नकली आहे, असं म्हणणारे माझ्या वर्गात आहेत. मला ते अजिबात पटत नाही. विद्यार्थ्यांच्या गृहपाठावरून पुन्हा उभ्या राहिलेल्या शहराला मी नकली म्हणणार नाही. युनेस्कोनं १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा मानलं, तेही या पुनर्बांधणीसाठीच.

दुपारी पोवोंस्की लष्करी दफनभूमीत गेले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी एकत्र कधी पाहिली नव्हती. आजीआजोबा, बाबागाडीतली बाळं, कॉलेजची पोरं, प्रत्येकाच्या हातात 'झ्निच', म्हणजे झाकणाचा काचेचा दिवा. उठावात मेलेल्या मुलांच्या कबरींवर बर्च झाडाच्या लाकडाचे साधे क्रॉस आहेत. वयं वाचत गेले. सतरा, अठरा, एकोणीस. ६३ दिवस लढलेली ही पोरं माझ्याहून लहान होती. अंधार पडला तसे दिवेच दिवे दिसायला लागले. दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. यंदा बर्लिनच्या खोलीत मी एकच पणती लावली होती, आणि मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं.

बाहेर पडताना मीही एक झ्निच विकत घेतला.

रविवारी सकाळी अँडर्स रस्त्यावर गेले. हो, तेच जनरल अँडर्स. तिथं क्राशिन्स्की बागेच्या कडेला मॉन्ते कासिनोच्या लढाईचं मोठं स्मारक आहे आणि त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर कॅम्पची स्मरणशिला. जागा अगदी योग्य आहे. १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मॉन्ते कासिनोच्या डोंगरावर जे पोलिश सैनिक लढत होते, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आया, बायका आणि लेकरं त्या वेळी पंचगंगेच्या काठच्या आपल्या गावात होती.

त्या परक्या शहरात, थंडीत, दगडावर आपल्या गावाचं नाव वाचणं म्हणजे काय, हे मला नीट सांगता येत नाही. मी आज्जीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आमचं वळिवडं हाय व्हय तिथं? कुणी लिवलं?" मी म्हटलं, त्यांनीच, आज्जी. ती म्हणाली, "मग दिवा लाव की गं पोरी." मी लावला.

मला आपल्या लोकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी या स्मारकाला भेट दिली, तेव्हा आपल्याकडे तेवढ्यापुरती बातमी झाली आणि विरली. यात आपण उपकार केल्याचा तोरा मिरवावा असंही नाही. कॅम्पचा खर्च लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार देत होतं. आपण दिली ती जागा, शेजार आणि दूध-भाजीचा रोजचा व्यवहार. पण तेवढंही ते विसरले नाहीत. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, त्यांच्या नावाची शाळा आहे. आणि आपण? महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाजवळून मी शेकडो वेळा गेले असेन. ते कशाचं आहे, हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेची एक सहल वळिवड्याला जायला हवी. पन्हाळ्याइतकीच ती आपली गोष्ट आहे.

युरोपात असलेल्यांनो, एका वीकेंडला एकच शहर बघा. आणि एकदा तरी वॉर्साला जा. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट मूळ प्रतीत जवळ ठेवा, येताना हद्दीवर पोलीस डब्यात चढून तपासतात.

वळिवडे, उचगाव, गांधीनगर भागातल्या घरांत ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत. त्यांना पोलिश शेजाऱ्यांचं काही आठवत असेल तर मोबाइलवर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. आज्जीचं मी केलंय, बावीस मिनिटांचं. रिबीन निळी होती म्हणे.

आणि कोल्हापुरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत त्या कॅम्पमध्ये वारलेल्या पोलिश माणसांच्या कबरी आहेत. रविवारी संध्याकाळी माझे बाबा दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या घेऊन तिथं गेले होते.