पांढऱ्या केसांना दाखला कशाला हवा?

मागच्या रविवारी सांगलीला माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. हॉलच्या दारात अत्तर-गुलाबपाणी घेऊन उभ्या असलेल्या मुलींना ओलांडून मी आत पाऊल टाकते न टाकते, तोच थोरल्या जाऊबाईंनी मला हाताला धरून बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात विचारले, "अगं, हे काय करून घेतलंस? बरं नाहीये का तुला?" मला काहीही झालेले नव्हते. गेले आठ महिने मी केसांना कलप लावलेला नाही, एवढेच घडले आहे. पण पुढच्या चार तासांत किमान दहा जणींनी हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कुणाला मी खंगलेली वाटले, कुणाला घरात काही बिनसले आहे अशी शंका आली, आणि एकीने तर थेट रक्त तपासून घ्यायला सांगितले. जेवताना जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजींच्या शेजारी तू त्यांची मोठी बहीण वाटतेस." हे भाऊजी, म्हणजे माझे यजमान, माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, त्यांचे केस माझ्या कितीतरी आधी पिकले, आणि त्याच टेबलावर पाच मिनिटांपूर्वी त्यांना "आता कसे भारदस्त दिसता" असे कौतुकाने सांगण्यात आले होते. मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. त्या गप्प बसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

मी एकोणचाळिसाव्या वर्षी कलप लावायला लागले आणि दहा वर्षे लावत राहिले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवडे झाले की भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ उमटते आणि पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो. वर्षाचे सतरा रविवार, प्रत्येक रविवारचे दोन तास, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, मानेवर जुना टॉवेल, कानाच्या पाळीवर उतरलेला काळा डाग घासून काढायचा आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात उभे राहायचे. हे सगळे मला आवडते म्हणून मी करत होते, असे मी स्वतःलाही सांगत आले. आवडीची गोष्ट करायला उशीर झाला म्हणून कुणी आरशासमोर घाबरत नाही. मी मात्र घाबरत होते. एखादे अचानक ठरलेले बारसे, एखादी पालकसभा, आणि माझा हात आधी भांगाकडे जायचा.

गेल्या दिवाळीत पार्लरमध्ये केस रंगवून आले आणि रात्री डोक्याला असह्य खाज सुटली. सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डावा डोळा उघडत नव्हता आणि कानांमागून पाणी गळत होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चाचणी करून सांगितले की पॅरा-फेनिलिनडायअमाइन या रसायनाची मला ॲलर्जी झाली आहे, आणि शरीर एकदा या रसायनाला असे बिथरले की ही ॲलर्जी सहसा जन्माची सोबत करते. काळ्या रंगाच्या बहुतेक कायमस्वरूपी कलपांमध्ये हेच रसायन असते. 'काळी मेहंदी' म्हणून जे विकले जाते त्यातही ते बहुधा असतेच, कारण खरी मेहंदी केसांना तांबूस करते, काळे करत नाही. घरी येऊन मी कपाटातले जुने खोके भिंगाखाली धरले. वापरण्याआधी अठ्ठेचाळीस तास त्वचेवर थोडासा रंग लावून पाहावा आणि पापण्यांना किंवा भुवयांना हा रंग लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते, असे मुंगीएवढ्या अक्षरांत तिथे छापलेले होते. दहा वर्षांत एकाही पार्लरमध्ये माझ्या कानामागे आधी थेंबभर रंग लावून कुणी पाहिले नव्हते. उलट खुर्चीत बसल्या बसल्या "मॅडम, स्किन फार डल झाली आहे, फेशियल करून घ्या" हे मात्र दर वेळी न चुकता सांगितले गेले.

पण संतापाची खरी गोष्ट पुढे आहे. साखरपुड्यात विचारणाऱ्या पहिल्या दोन-तीन जणींना मी सरळ सांगितले की आता मला केस रंगवायचे नाहीत. त्यांना ते पटले नाही. त्यांनी तोंडे वाकडी केली, "असं अवतार करून राहू नये गं" म्हणाल्या, आणि नवऱ्याचा विचार कर असा सल्ला दिला. मग कंटाळून मी ॲलर्जीचे सांगू लागले, आणि चेहरे क्षणात बदलले. "अरेरे, मग काय करणार बिचारी!" म्हणजे माझे केस तेच, माझे वय तेच, पण त्यामागे आजार आहे म्हटल्याबरोबर मला माफी मिळाली. एकोणपन्नास वर्षांच्या बाईने एकोणपन्नास वर्षांचे दिसण्यासाठी डॉक्टरचा दाखला काढून आणायचा का? पोट बिघडल्यावर पोरांनी शाळेला चिठ्ठी आणावी तशी मी माझ्या वयाची चिठ्ठी पर्समध्ये घेऊन हिंडायचे का? माझी इच्छा नाही, हे कारण कुणालाच पुरेसे का वाटत नाही?

शाळेतही हेच. नव्या शैक्षणिक वर्षाच्या माहितीपत्रकासाठी शिक्षकांचा फोटो काढायचा होता. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला बोलावून "तेवढ्यापुरते केस जरा नीट करून घ्या मॅडम, पालकांना शाळा तरुण दिसली पाहिजे" असे सांगितले. मी नकार दिला, आणि फोटोच्या दिवशी मला मागच्या रांगेत, उंच शिपाईदादांच्या शेजारी उभे करण्यात आले. पुढच्या रांगेत मधोमध आमचे गणिताचे सर होते. त्यांना टक्कल आहे, पोट सुटलेले आहे, ते दोन वर्षांत निवृत्त होतील, आणि त्यांना कुणी काहीही करून यायला सांगितले नव्हते. सरांशी माझे वैर नाही, ते उत्तम शिकवतात. मीसुद्धा चोवीस वर्षे मराठी शिकवते आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज त्याच शाळेत पालक म्हणून येतात.

लोक म्हणतात, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. मग पडद्यावर पाहा. रीमा लागू यांचा जन्म 1958चा. 1989 साली 'मैने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानच्या आई झाल्या तेव्हा त्या अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि पडद्यावरचा मुलगा त्यांच्याहून फक्त सात वर्षांनी लहान होता. दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये त्यांनी संजय दत्तची आई साकारली. त्याचा जन्म 1959चा, म्हणजे आई आणि मुलगा यांच्यात जेमतेम एका वर्षाचे अंतर. इतक्या ताकदीच्या अभिनेत्रीला पदर सावरून देव्हाऱ्यापुढे उभे करण्यात आले आणि तिच्या बरोबरीचे पुरुष पुढची कितीतरी वर्षे कॉलेजातल्या वयाच्या मुलींमागे गाणी म्हणत फिरले. हे पाहत आम्ही मोठ्या झालो. चाळिशी लागली की बाईने एकतर वय लपवायचे किंवा स्वतः अडगळीत जायचे, हे आम्हाला वेगळे शिकवावे लागले नाही.

आणि कुणी असेही समजू नये की हे पांढरे केस मला फार आवडतात. माझी वेणी कमरेखाली यायची. आई शनिवारी रात्री कोमट तेल जिरवायची आणि रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालायची. आज कंगव्यात येतो तो विरळ, राठ, पांढरा गुंता पाहून माझ्या पोटात तुटते. पाळी जाण्याच्या या काळात हनुवटीवर उगवलेले दोन ताठ केस, हाताची सैल पडलेली कातडी, रात्री अचानक फुटणारा घाम, या सगळ्याचे मला दुःख आहे. पण ते दुःख माझे आहे, आणि ते मला शांतपणे करू दिले जात नाही. एका बाजूने "काहीतरी कर" म्हणणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने "किती धाडस गं तुझं" म्हणणाऱ्या. मी रणांगणावर निघालेली नाही, मी मंडईत मेथी घ्यायला निघाले आहे.

या दोषातून मी स्वतःला सोडत नाही. आईच्या एकसष्टीच्या आदल्या दिवशी ती "नको गं, आता कुणाला दाखवायचंय" म्हणत असताना मीच तिला मोरीजवळच्या स्टुलावर बसवले आणि जुन्या टूथब्रशने तिच्या केसांना कलप फासला. फोटोत तिचे केस काळेभोर आहेत आणि कपाळाच्या कडेला एक डाग राहून गेला आहे. तो अल्बम उघडला की मला तिचा चेहरा दिसण्याआधी तो डाग दिसतो, आणि तिचे "नको" मी ऐकले नाही याची लाज वाटते.

काल रात्री जाऊबाईंचा फोन आला. लग्न माघात आहे. "फोटो जन्मभर राहतात, लग्नापुरतं तरी काहीतरी कर, त्या ॲलर्जीवर एखादं औषध असेलच की," असे त्या म्हणाल्या. मी सांगितले, "वहिनी, ॲलर्जी उद्या बरी झाली तरी मी कलप लावणार नाही. मला लावायचा नाही." पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी हळदीला कुठली साडी नेसणार आहेस ते विचारले.