पार्किंगमधला ऑइलचा डाग काढायचाय? या, आमच्या सोसायटीत शिका

मंडळी, गाडीखालचा काळा डाग हा अब्रूचा प्रश्न असतो. पाहुणे येतात, गाडीतून उतरतात आणि वर बिल्डिंगकडे न बघता आधी खाली पेव्हर ब्लॉककडेच बघतात. त्यातून पर्यावरण दिन जवळ आला की त्याच जागेवर कुंड्या मांडून फोटो काढायचे असतात, आणि तुळशीच्या मागे ऑइलचं थारोळं बरं दिसत नाही. तेव्हा डाग काढायलाच हवा. गेल्या रविवारी आमच्या विंगखाली या शास्त्राचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक झालं, मी ते गॅलरीतून आणि मग न राहवून खाली उतरून पाहिलं, तर म्हटलं ज्ञान आपल्यापाशी ठेवू नये.

सुरुवात डाग पाडण्यापासून. गाडी सर्व्हिस सेंटरला नेणं आता मागासलेपणाचं लक्षण आहे, तिथे पिट असतो, ड्रेन पॅन असतो, जुनं ऑइल साठवायचं पिंप असतं, कशाला ती कटकट. मेकॅनिकलाच घरी बोलवा. तो येतो, गाडी जॅकवर चढवतो, पाच लिटरचा कॅन आडवा कापून खाली ठेवतो आणि चेंबरचा नट सोडतो. छोट्या गाडीतून तीन-साडेतीन लिटर ऑइल निघतं, गरम असतं, धार सुरुवातीला लांब पडते आणि जोर कमी झाला की मागे सरकते, कॅन मात्र जिथल्या तिथे. मग फिल्टर काढायचा, त्यातलं उरलेलं मनगटावरून ओघळत खाली. फिल्टर कुठे टाकायचा? ओल्या कचऱ्यात. ओलाच आहे की.

गाडी रोजच ठिबकत असेल तर दुरुस्त बिरुस्त करू नका. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय की ड्रेन नटचं वायसर, की कुठलं ऑइल सील, असल्या खोलात शिरायचं नाही. "जुन्या गाडीत एवढं चालतंच" हे वाक्य पाठ करा, पुरतं.

खाली पुठ्ठा टाका. पुठ्ठा भिजला की पायाने हळूच शेजाऱ्याच्या पार्किंगकडे सरकवा.

आता प्रत्यक्ष डाग. काही जाणकार पेट्रोल सुचवतात. जरूर वापरा, विशेषतः बेसमेंटमधे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरून बसते, आणि बाजूला कोणीतरी स्कूटरचा स्टार्टर मारतंच, नाहीतर बिडी तरी शिलगावतंच. डागासकट सगळंच जाईल.

ॲसिडचाही एक संप्रदाय आहे. बाथरूमच्या फरशीवर ओततात तेच. ॲसिडने तेल विरघळत नाही, ते सिमेंट खातं. पेव्हरचा वरचा थर फेसाळून निघतो, ब्लॉक पांढराफटक आणि खडबडीत होतो, डाग निघाल्याचा भास होतो आणि पुढच्या वेळी त्या खरबरीत पृष्ठभागात ऑइल दुप्पट खोल मुरतं. म्हणजे काम कायमचं मिळालं.

पण खरी, घराण्यातून आलेली, सर्वमान्य पद्धत म्हणजे सर्फ आणि पाइप. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण रविवारी हीच झाली. पावडरचं पाकीट डागावर रिकामं करायचं, खराट्याने घासायचं, करड्या रंगाचा फेस आला की बोअरच्या पाण्याचा पाइप पूर्ण सोडायचा. आणि उभं राहून बघायचं. बघता बघता डाग नाहीसा. काय समाधान वाटतं महाराजा, गाडीवाले शेजारी तर हात कमरेवर ठेवून म्हणाले, "बघा, आता सांगा इथे डाग होता!"

नव्हता, खरंच नव्हता. तो निघाला होता प्रवासाला.

आता हे जरा समजून घ्या. साबण तेलाला नाहीसं करत नाही, तो त्याचे बारीक थेंब करतो, जे पाण्यात मिसळून वाहतात. म्हणजे जे ऑइल ब्लॉकला चिकटून एका जागी गप्प पडलं होतं, फार तर माझ्या चपलेला लागलं असतं, त्याला आपण पाय दिले. आणि हे नवं ऑइलही नाही बरं का, हे इंजिनात हजारो किलोमीटर भाजून निघालेलं काळं ऑइल, त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू असतात, इंधन जळताना तयार झालेली पीएएच म्हणतात ती रसायनं असतात आणि त्यातली काही कॅन्सरकारक आहेत. सांडलेल्या ऑइलसाठी पेव्हरवरचा डाग हा त्यातल्या त्यात सगळ्यात निरुपद्रवी पत्ता होता हो. आपण त्याचा पत्ता बदलला. कुठला नवा पत्ता? तर रॅम्पच्या कडेची जाळी. आणि ती जाळी कुठे जाते? पावसाळी पाण्याच्या रिचार्ज पिटमधे, जिथून पाणी आपल्याच बोअरमधे उतरतं! तोच रिचार्ज पिट ज्याचा फोटो जोडून आपण प्रॉपर्टी टॅक्समधे सवलत घेतो. खड्ड्यात विटांचे तुकडे, खडी आणि वाळू घातलेली असते ती गाळ अडवायला, साबणात कालवलेलं इंजिन ऑइल अडवायला नाही. आणि खाली आपल्याकडे काळा पाषाण. या खडकात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून फिरतं, वाटेत माती-वाळूच्या जाड थरातून गाळून बिळून निघायची सोय फारशी नसते, एकदा भेगेत शिरलं की शिरलं.

मी चेअरमनकाकांना म्हटलं, काका, अहो हे पाणी बोअरमधे जातंय. काका म्हणाले, "अगं पाणीच ते, उतारानेच जाणार."

म्हटलं, त्यात ऑइल आहे.

"ऑइल वर तरंगतं. बोअर खालून ओढतो."

यावर काय बोलणार सांगा! इंजिनिअर आहेत काका, रिटायर्ड.

घरी येऊन मी गणित केलं, रागात गणित चांगलं जमतं मला. आपल्या देशात नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात ऑइल आणि ग्रीस लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, पर्यावरण संरक्षण नियम 1986 मधलं मानक आहे हे. आता एक लिटर इंजिन ऑइलचं वजन साधारण 880 ग्रॅम. म्हणजे एक लिटर ऑइल त्या मर्यादेत आणायचं तर 88 हजार लिटर पाणी लागेल, आपल्याकडे येतात त्या दहा हजार लिटरच्या टँकरचे जवळपास नऊ टँकर. लिटर सोडा, रविवारी जे सांडलं ते कटिंग चहाच्या ग्लासाएवढं धरलं तरी एक टँकर लागतो. आणि एप्रिलमधे त्याच टँकरच्या वर्गणीवरून ग्रुपवर कसे गळे काढले होते एकेकाने, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. तेव्हा पाणी देव होतं, जीवन होतं, आता काय झालं?

बरं ज्यांच्याकडे रिचार्ज पिट नाही त्यांनी हुरळून जायचं कारण नाही. तुमची जाळी पावसाळी लाइनला जोडलेली असते आणि लोकांचा असा एक गोड समज आहे की रस्त्याखालचं सगळं एकाच ठिकाणी जातं आणि महापालिका ते धुऊन वगैरे घेते. पावसाळी लाइन ड्रेनेजची नाही हो, ती शुद्धीकरणाला जातच नाही, ती सरळ नाल्यात उघडते. पुण्यात जायका या जपानी सरकारी संस्थेच्या मदतीने 11 नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा शेकडो कोटींचा प्रकल्प आहे, ती सगळी उद्या धडधडत चालू झाली तरी तुमचं रविवारचं ऑइल त्यांच्या दारावरून टाटा करत पुढे जाणार. आमच्या बाजूचा नाला रामनदीत, रामनदी बाणेरपाशी मुळेत, मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूर पितं. भिगवणला आपण पहाटे उठून फ्लेमिंगो बघायला जातो, तेही त्याच पाण्यात उभे असतात, आणि आपण होडीत बसून म्हणतो, शी, किती वास येतोय ना पाण्याला!

असो. विषयांतर झालं. उरलेल्या टिपा पटपट सांगते.

लाकडाचा भुसा अजिबात वापरू नका, स्वस्त असतो, शिवाय चालतो.

जुनं ऑइल मेकॅनिकने कॅनमधून नेलं की पावती मागू नका, तो ते सेंट्रिंगच्या प्लेटांना चोपडायला विकेल नाहीतर वाळवी लागू नये म्हणून कोणाच्या तरी दाराच्या चौकटीला, काय फरक पडतो.

जाळीपाशी माशा मेलेल्या दिसल्या तर डासांचा बंदोबस्त झाला असं ग्रुपवर टाका.

डाग पावसाळ्यापर्यंत तसाच ठेवला तर पहिला पाऊस फुकटात धुतो. रॅम्पवरून दोन-तीन दुचाकीवाले घसरतील, पण ते तसेही घाईतच असतात.

आणि शेवटची टीप, सगळ्यात महत्त्वाची: स्वतः हात लावू नका. हाउसकीपिंगच्या मावशींना बोलवा. ग्लोव्हज देऊ नका, सवय लागते. रविवारी मावशी उकिडव्या बसून उघड्या हाताने तो काळा चिखल खराट्याच्या बुडख्याने खरवडत होत्या, पावडरने हात पांढरे आणि त्यावर बोटांच्या चिरांत काळं भरलेलं, आणि वरून पाइप धरणारा वॉचमन त्यांच्याच पायांवर पाणी सोडत होता, आणि ज्यांची गाडी ते बाजूला उभे राहून बोट दाखवत होते, "इथे राहिलं, इथे." नंतर मावशींनी त्याच हाताने पदराची गाठ सोडून तंबाखू काढली. मी वरून रबरी हातमोजे आणून दिले तर गाडीवाले म्हणतात, "अहो त्यांना सवय असते."

सवय असते?

नाही, आता पुरे झाला तो उपरोध, मला जमत नाहीये. लाज नाही वाटत का हो? बारा-पंधरा लाखांची गाडी घेताना हात आखडला नाही, आणि काही शे रुपयांचं पॅकिंग बदलायला हात आखडतो? तुमच्या गाडीचं तेल, तुम्ही पाडलं, तुम्ही वाकून उचला. आणि कायदा नाहीये असं मला सांगू नका. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं 24 वं कलम काढून वाचा, प्रवाहात, विहिरीत, गटारात आणि जमिनीवरसुद्धा प्रदूषण करणारी वस्तू जाणूनबुजून सोडायची नाही असं त्यात लिहिलंय. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनी घातक कचऱ्यात मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून तर वापरलेलं ऑइल रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलीय, कारण हे ऑइल संपत नाही, ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. कंपन्यांनी काय करायचं ते त्या करतील न करतील, पण ऑइल त्यांच्यापर्यंत पोचायला आधी ते जाळीत जाता कामा नये एवढं तरी कळतं का?

आणि अवघड काही नाहीये यात. सांडल्याबरोबर पाणी ओतायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही. वखारीतून भुसा आणा, नसेल तर कोरडी वाळू, माती, जे मिळेल ते. जाड थर द्या, बुटाने चोळा, रात्रभर राहू द्या. सकाळी भुसा काळा आणि जड झालेला दिसेल, तो सुपलीने भरा, पुन्हा नवा टाका. हट्टी डाग असेल तर थोडी पावडर आणि अगदी थोडं पाणी घेऊन लगदा करा, ब्रशने घासा आणि तोही लगदा भुशानेच टिपून घ्या, पाइपला हात लावायचा नाही. थोडी काळपट छटा राहील. राहू दे. पार्किंग आहे ते, देवघर नाही. सगळं भरलेलं ऑइलकट सामान झाकणाच्या डब्यात घालून अशा सर्व्हिस सेंटरला द्या जिथून जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरकडे जातं. विचारा त्यांना, कुठे देता म्हणून. नीट उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा. ओल्या कचऱ्यात टाकाल तर घंटागाडीवाल्याच्या आधी मी तुमच्या दारात तो फिल्टर आणून ठेवीन, सांगून ठेवते.

चेअरमनकाका, पार्किंगमधे ऑइल बदलायला बंदीचा ठराव पुढच्या मीटिंगला मी मांडणार आहे. अनुमोदन देणारे दोघं तयार आहेत. बोअरचं पाणी तपासायला द्या, रिपोर्ट नोटीस बोर्डवर लावा आणि लॅबचं बिल मेंटेनन्समधे घालू नका, ज्यांनी पाइप धरायला लावला त्यांच्या नावावर लावा. मावशींना हातमोजे आणि गमबूट सोसायटीच्या खर्चाने या महिन्यात आले पाहिजेत, दिवाळीला भेट म्हणून नाही.

आणि तुम्ही, हो तुम्हीच, कमरेवर हात ठेवून उभे होतात ते. गाडी अजून ठिबकतेय, काल रात्री टॉर्च मारून बघितलंय मी. कोपऱ्यावरचं गॅरेज नऊपर्यंत उघडं असतं. जा.