सफारीच्या पाचव्या दिवशी अनाथाश्रम: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात साताऱ्याला मावशीकडे गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर कंपासपेट्यांचे दोन गठ्ठे, रंगीत खडूंची खोकी, लहान मापाचे फ्रॉक आणि प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत बांधलेला सुका खाऊ मांडून ठेवलेला होता. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये ती आणि काका केनियाच्या नऊ दिवसांच्या सहलीला निघाले आहेत. आयुष्यभराच्या बचतीतून काढलेली ही सहल आहे. "हे सगळे तिकडच्या मुलांसाठी," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी आश्रमात जायचे आहे. हा मेसेज वाच, म्हणजे तुला कळेल."

तो मेसेज मला वाचावा लागला नाही, कारण वर्षभरात तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर माझ्याकडे येऊन गेला आहे. 'आलिशान सफारी ही चैन नव्हे, ते समाजकार्य आहे' असे त्याचे शीर्षक आहे आणि त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. सहलीचा प्रत्येक डॉलर थेट तिथल्या मसाई जमातीच्या गावांना मिळतो. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप नदी ओलांडताना हमखास दिसतात. मसाई लोक पूर्वी शिकारीवर जगत आणि पर्यटनाने त्यांना माणसात आणले. सफारीमुळे केनियातील वन्यजीव दुपटीने वाढले. आणि शेवटी, एक दिवस अनाथाश्रमात घालवून मुलांना जवळ घ्या, खाऊ वाटा, फोटो काढा, कारण तेच या सहलीचे खरे पुण्य. नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे नैरोबीत राहिले आहे. इतके दिवस हा मेसेज पुसून टाकून गप्प बसले. आता तो माझ्या मावशीच्या दिवाणापर्यंत पोहोचला आहे, म्हणून लिहिते.

पैशापासून सुरुवात करू. प्रत्येक डॉलर गावाला मिळतो हे खोटे आहे. तुम्ही भरलेल्या रकमेतून विमानाचे तिकीट, इथल्या सहल कंपनीचा नफा, नैरोबीतील हॉटेल, गाडी, इंधन आणि कॅम्पच्या मालकाचा वाटा हे सगळे आधी वजा होते, आणि तो मालक पुष्कळदा केनियाबाहेरचा असतो. केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचे प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दिवसाला १०० डॉलर आणि दुसऱ्या सहामाहीत २०० डॉलर झाले आहे. ही रक्कम अभयारण्य ज्या नारोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येते तिथल्या सरकारकडे जमा होते. ती मोठी आहे, पण ती सरकारी तिजोरीत जाते, कोणाच्या अंगणात नाही.

तरीही या दाव्यात एक अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. अभयारण्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला ज्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी जमिनीवर वन्यजीवांसाठी राखलेली क्षेत्रे, आहेत, तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. पूर्वीच्या सामाईक चराऊ जमिनींची वाटणी होऊन ज्यांच्या वाट्याला तुकडे आले, त्यांनी ते एकत्र करून कॅम्पचालकांना भाड्याने दिले. ओलारे ओरोक २००६ मध्ये, मारा नॉर्थ २००९ मध्ये आणि मारा नाबोइशो २०१० मध्ये अशीच उभी राहिली. जमीनमालकाला ठरलेले भाडे मिळते आणि त्या महिन्यात कॅम्पमध्ये पाहुणे किती होते याच्याशी त्याचा संबंध नसतो. कॅम्पमधील तंबूंची संख्या मर्यादित ठेवावी लागते, म्हणून तिथला दर चढा असतो. महाग सफारीचा पैसा गावापर्यंत पोहोचण्याची सर्वांत भरवशाची वाट मला तरी हीच दिसली आहे.

नाबोइशोमध्ये सकाळच्या फेरीत आमची गाडी चहासाठी थांबली होती. वाटाड्याने बॉनेटवर थर्मास आणि बिस्किटे मांडली आणि खिशातून फोन काढून बँकेचा संदेश दाखवला. त्याच्या वडिलांच्या जमिनीचे त्या महिन्याचे भाडे जमा झाले होते. त्यातून धाकट्या बहिणीची वसतिगृहाची फी जाणार होती आणि उरले तर वासरू घ्यायचे होते. त्या संदेशात दानाचा काही भाग नव्हता. ते भाडे होते, आणि तो ते जमीनमालकाच्या मुलाच्या रुबाबात दाखवत होता.

मात्र इथेही सगळे गोड नाही. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर असल्यामुळे भाडे त्यांच्याच हाती पडते, ज्यांना वाटणीत जमीन आली नाही त्यांना काहीच मिळत नाही, आणि स्वतःच्याच जमिनीवर गुरे कधी आणि कुठे चारायची यावर बंधने येतात. २०२० मध्ये पर्यटक थांबले, तेव्हा अनेक ठिकाणी हे भाडेही कमी करावे लागले. म्हणून 'प्रत्येक डॉलर' म्हणणाऱ्याने आधी सांगावे, की त्याची सहल अभयारण्यात मुक्काम करते, कॉन्झर्व्हन्सीत करते, की दोन्हींच्या बाहेर रस्त्यालगतच्या हॉटेलात.

नदी ओलांडण्याच्या हमीबद्दल दोनच वाक्ये पुरतील. विल्डबीस्ट पावसामागे आणि गवतामागे जातात, ते तारखेने बांधलेले नाहीत, आणि काठावर गाड्यांची दाटी झाली की पाण्यापर्यंत आलेला कळपही माघारी फिरतो. ज्याला हे दृश्य दिसले त्याचे भाग्य मोठे, पण कोणतीही कंपनी ते विकू शकत नाही.

मसाईंना पर्यटनाने माणसात आणले, हे वाक्य वाचून मला संताप आला. मसाई हे पशुपालक आहेत. त्यांचे जगणे गाईगुरांवर, दुधावर आणि शेळ्यामेंढ्यांवर उभे आहे आणि रानातल्या प्राण्याचे मांस खाणे त्यांच्या रीतीत बसत नाही. मोरान म्हणजे तरुण योद्धे सिंहाची शिकार करत आणि गुरे मारणाऱ्या सिंहाचा सूड घेतला जाई, हे खरे आहे; पण त्यावर कोणी जगत नव्हते. उलट आज जिथे आपण दुर्बिणी लावून बसतो त्या गवताळ रानांत हत्ती आणि जिराफ शिल्लक राहिले, याचे एक मोठे कारण हेच की तिथल्या माणसांनी त्यांना अन्न मानले नाही. आणि या लोकांना बाहेरून काय मिळाले? ब्रिटिशांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी त्यांना रिफ्ट व्हॅली आणि लाइकिपियातील उत्तम कुरणांवरून हलवले. शेजारच्या टांझानियात १९५९ मध्ये त्यांना सेरेंगेटी सोडावी लागली. जून २०२२ मध्ये टांझानियातल्याच लोलिओंडो येथे त्यांच्या १५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर वन्यजीव संरक्षणाच्या नावाने सीमाखुणा रोवल्या गेल्या आणि विरोधाला उभ्या राहिलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यांनी प्राणी राखले त्यांच्याच जमिनी प्राण्यांच्या नावाने गेल्या, असा हा इतिहास आहे. तो ठाऊक नसताना 'माणसात आणले' असे लिहिणाऱ्याने निदान एकदा तरी एखाद्या मसाई म्हाताऱ्याशेजारी बसून बोलावे.

वन्यजीव दुपटीने वाढले, या दाव्यासाठी एकच संदर्भ देते, पण तो भक्कम आहे. जोसेफ ओगुटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केनियाच्या चराऊ प्रदेशांत विमानातून वर्षानुवर्षे केलेल्या गणनांवर तो आधारलेला आहे आणि १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच काळात शेळ्यामेंढ्या ७६ टक्क्यांनी वाढल्या. लक्षात घ्या, ज्या दशकांत केनियाचे सफारी पर्यटन बहरले तीच ही दशके आहेत. सफारीमुळेच प्राणी घटले असे मी म्हणत नाही. वाढती लोकसंख्या, गुरांची संख्या, हवामान आणि फसलेली धोरणे ही कारणे त्या संशोधकांनी मांडली आहेत. पण पर्यटक आले म्हणून प्राणी आपोआप वाढले, ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही.

खरोखर वाढलेला प्राणी पाहायचा असेल, तर तो केनियात नाही, रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरील डोंगरांत आहे. पर्वतीय गोरिलांची संख्या हजारावर गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक यादीत त्यांना अतिसंकटग्रस्त वर्गातून काढून संकटग्रस्त वर्गात ठेवले गेले. रवांडात एका तासाच्या गोरिलादर्शनाचा परवाना १५०० डॉलरना मिळतो आणि उद्यानांच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा आसपासच्या वस्त्यांच्या कामांसाठी ठेवलेला आहे. हा पर्यटनाचा उपयोग मी नाकारत नाही. पण तिथेही हिस्सा १० टक्के आहे आणि तो उघडपणे सांगितला जातो. 'प्रत्येक डॉलर' असे तिथे कोणी म्हणत नाही.

आता तो पाचवा दिवस. बाकीच्या चार दाव्यांनी लोकांचे पैसे किंवा समजुती चुकतील. या दाव्याने मुलांचे आयुष्य चुकते, म्हणून मावशीशी मी संध्याकाळभर याच एका मुद्द्यावर बोलले.

जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतो. मुले तिथे येतात ती मुख्यतः गरिबीमुळे, आणि जिथे पर्यटकांचा पैसा मुलांच्या डोक्यामागे येतो तिथे मुले गोळा करण्याची गरज निर्माण होते. गावात जाऊन आईबापांना सांगितले जाते, की शिक्षण मिळेल, पोटभर जेवण मिळेल, मूल आमच्याकडे द्या. मग पाहुण्यांसमोर गाणी म्हणण्यासाठी तेच मूल उभे केले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर २०१९ रोजी बालहक्कांवर जो ठराव स्वीकारला, त्यात अनाथालयांतील स्वयंसेवेचे कार्यक्रम, त्यातही पर्यटनाशी जोडलेले कार्यक्रम, मुलांच्या तस्करीला आणि शोषणाला वाट करून देऊ शकतात, असे नमूद करून सदस्य राष्ट्रांना हे नुकसान रोखायला सांगितले आहे. ऑस्ट्रेलियाने त्याच्या आदल्या वर्षीच आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली होती. खुद्द केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये मुलांना संस्थांतून काढून कुटुंबांकडे परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण जाहीर केले. म्हणजे जो देश ही दारे बंद करायला निघाला आहे, त्याच्या दारात आपण खाऊ घेऊन उभे राहणार आहोत.

मावशीला हे पटायला वेळ लागला आणि त्याचे कारण मला समजते. तिच्या मनात मुलांविषयी माया आहे, दिखावा नाही. "अगं, तासभर जवळ घेतले म्हणून काय बिघडते?" असे तिने विचारले. मी तिला तिच्याच शाळेची आठवण करून दिली. तिच्या वर्गात एखादा अनोळखी परदेशी माणूस, कोणाची ओळख नाही, पोलिसांची पडताळणी नाही, आला आणि दुसरीतल्या मुलीला मांडीवर घेऊन फोटो काढू लागला असता, तर तिने काय केले असते? ती गप्प झाली. मग मी तिला सांगितले, की आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संगोपनाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. जे साताऱ्याच्या बालगृहात गुन्हा ठरेल, ते नारोकच्या मुलाबाबत पुण्य कसे ठरते? आणि दर आठवड्याला नवा गट येतो, माया लावतो आणि तासाभरात निघून जातो, तेव्हा कोणालाही बिलगण्याची आणि कोणीही न टिकण्याची जी सवय त्या मुलाला लागते, तिचे ओझे पर्यटकाच्या सामानात येत नाही. ते त्या मुलाकडेच राहते.

खाऊच्या पिशव्यांचेही सांगायला हवे, कारण मेसेजमध्ये 'छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून न्या' असा सल्लाही आहे. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ती मोडल्यास जबर दंड आणि तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित भागांत एकदा वापरून टाकण्याच्या प्लास्टिकवरही बंदी आली आहे. शिवाय नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी साधारण १५ किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत चालते. कंपासपेट्यांचे ते दोन गठ्ठे तसेही धावपट्टीपर्यंत पोहोचले नसते.

काका-मावशी जाणार आहेत आणि त्यांनी जावेच, असे मी त्यांना सांगितले आहे. कंपनीला आम्ही तीन प्रश्न लिहून पाठवले. चार रात्रींचा मुक्काम नेमका कोणाच्या जमिनीवर आहे, त्या जमिनीचे भाडे मालकांना किती आणि कसे मिळते, आणि पाचव्या दिवसाच्या भेटीची परवानगी कोणी दिली आहे. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलेले नाही. तिसऱ्याला एका ओळीचे उत्तर आले, की आश्रमाची भेट ऐच्छिक आहे, ज्यांना नको असेल त्यांनी हॉटेलवर थांबावे. ती कोणासाठीही ठेवू नका, सगळ्या गटाच्या कार्यक्रमातून काढून टाका, असे मावशीने त्यांना स्वतःच्या सहीने परत लिहिले आहे.