कन्फेशन केलं की मोकळे?

"तुमचं बरं आहे, फादरला सांगितलं की पाप माफ. पुन्हा करायला मोकळे!" हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आलेय. ऑफिसात ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, सोसायटीच्या हळदीकुंकवालाही ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाकडं काही नसतं, म्हणून तेव्हा मी हसून सोडून देते. पण ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेतली कन्फेशनसारखी, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देण्यासारखी, इतकी मुळाची गोष्ट अशी उलटी पोचली असेल, तर एकदा नीट लिहायलाच हवं.

ईस्टरच्या आधी तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये कन्फेशनला रांग लागते. त्या रांगेत आजीबाई असतात, पाठीला लॅपटॉपची बॅग लावून थेट ऑफिसातून आलेली पोरं असतात. कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. आपली पाळी आली की गुडघे टेकायचे आणि जाळीपलीकडे बसलेल्या फादरना आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नवऱ्याने काय केलं, सासूने काय केलं, हे तिथे चालत नाही. "पण परिस्थितीच तशी होती" हे वाक्य अगदी ओठांवर येतं, ते गिळावं लागतं. हे सोपं वाटत असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे की आपली एखादी लबाडी घरातल्या घरात, मोठ्याने, एकही सबब न जोडता बोलून बघा.

वर्षातून निदान एकदा कन्फेशन करावं हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेचा, म्हणजे चर्चच्या धर्मसभेचा. पण नुसतं सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला ते भरून द्यायला हवं. चोरलेले पैसे खिशात ठेवून पापक्षमा मिळत नाही, चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. बायबलमधल्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो.

हा जक्कय मुख्य जकातदार होता. जकात म्हणजे काय, नाक्यावर कसकशी वसूल व्हायची, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, मुलुंड चेकनाक्याच्या रांगा आपण पाहिल्यात. त्यातून तेव्हाचे जकातदार परक्या रोमन सत्तेसाठी वसुली करायचे आणि वरची कमाई खिशात घालायचे. लोक त्यांच्यावर थुंकायचेच बाकी होते. तरी येशूच्या दाखल्यात मंदिरात मागे उभा राहून, मान खाली घालून "हे देवा, मज पाप्यावर दया कर" म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. पुढे उभा राहून उपासांचा आणि दानाचा हिशेब सांगणारा, "मी या जकातदारासारखा नाही" म्हणून देवाचे आभार मानणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस, तसाच परत जातो. माझ्या मते ख्रिस्ती शिकवणीचा सगळा गाभा इथे आहे. पापी हा शब्द स्वतःविषयी बोलायचा आहे. येशूचा संदेश पसरवणाऱ्या संत पौलानेही "पाप्यांमधला मुख्य मी" असंच लिहिलं, बोट स्वतःकडे ठेवून.

"मग तान्हं बाळही पापी कसं?" हेही विचारतात. आदिपाप म्हणजे आदम-हव्वेपासून चालत आलेलं पाप, ते बाळाने केलेलं पाप नव्हे. माणसाच्या स्वभावाला जी जखम आहे ती त्याच्या वाट्याला येते, त्यात त्याचा वैयक्तिक दोष नसतो, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. आणि मोठ्यांचंही प्रत्येक चुकलेलं पाऊल सारख्या वजनाचं नाही. गंभीर पाप ठरायला बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि स्वतःच्या इच्छेने दिलेली संमती हवी. तिन्ही हवं. दुसऱ्याच्या आत काय चाललंय हे बाहेरून आपल्याला दिसत नाही, तर हे वजन आपण करणार कसं?

आता आमच्या लोकांना. घोडबंदर रोडच्या एका फ्लॅटमध्ये प्रार्थनेला गेले होते. आजारी मुलाची आई समोर बसलेली, मांडीवर औषधांची पिशवी. प्रार्थना संपल्यावर एका बाईंनी तिला हळूच विचारलं, "घरात कुणाचं काही लपलेलं पाप आहे का गं? आठवून बघ." ती काही बोलली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मला त्या क्षणी फार राग आला आणि मी तो तिथेच बोलून दाखवला.

कारण याचं उत्तर येशूनेच दिलंय. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? तो म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा त्याने विचारलं, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हांला वाटतं का? स्वतःच म्हणाला, नाही.

बायबल काखेत घेऊन लोकांच्या घरी जाणाऱ्यांनी योहानाचा नववा आणि लूकचा तेरावा अध्याय आधी वाचावा. आजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा प्रार्थना करा, डबा न्या, रात्री हॉस्पिटलात कोण थांबणार ते विचारा. पापाची चौकशी करू नका. पुढच्या वेळी माझ्यासमोर कोणी केली, तर मी पुन्हा बोलणार आहे.