माथाडी म्हणजे खंडणी म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "माथाडी म्हणजे नुसती खंडणी. तो कायदाच रद्द करून टाका." खाली धडाधड अंगठे पडले. ज्यांच्या घरी दिवाळीला माझा फराळाचा डबा जातो, त्यांचेही. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही तरी समजून घ्याल.

माथाडी म्हणजे डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणारा कामगार. माझे आप्पा पुण्याच्या मार्केट यार्डात असेच हमाल होते. थोरले चुलते, तात्या, तालुक्याच्या गावी एका गोदामात तेच काम करायचे. सख्खे भाऊ. आप्पा हमाल पंचायतीचे, म्हणजे तिथल्या हमालांच्या संघटनेचे, सभासद होते, तात्यांच्या गावात संघटना म्हणून काही नव्हतीच.

एका पावसाळ्यात ट्रक खाली करताना तात्या पाठीवरच्या पोत्यासकट फळीवरून घसरले. कंबर कायमची गेली. मालकाने घरी जायला रिक्षाचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस लावला. बस्स. तात्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं, मग भांडायचं कुणाशी?

कायदा मात्र तात्यांच्या तालुक्यालाही होता. 1969 चा माथाडी कायदा अख्ख्या महाराष्ट्राचा आहे. त्याची गंमत लोकांना ठाऊकच नाही. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. त्यामुळे प्रत्येक व्यापारी म्हणायला मोकळा, हा माझा नोकर नाही. या कायद्याने ती पळवाटच बंद केली. कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळात व्यापाऱ्यानेही नोंद करायची, हमालानेही. मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, भरायची आणि त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघेही बसणार. किती साधं आणि किती हुशारीचं!

पण हे सरकारला आपणहून सुचलं असं वाटतं का तुम्हाला? मुंबईत अण्णासाहेब पाटील, जे स्वतः पाठीवर ओझी वाहून पुढे आले, त्यांनी संप केले, मोर्चे काढले. पुण्यात बाबा आढावांनी नाना पेठेत डॉक्टरकी करता करता हमाल एकत्र आणले. कायदा झाल्यावरही व्यापारी कोर्टात गेले. पोतं शंभर किलोचं नको, पन्नासचं करा, एवढ्या माणुसकीच्या मागणीसाठीसुद्धा हमालांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. शंभर किलो! एकदा उचलून बघा आणि मग ग्रुपवर लिहा.

हो, माथाडीचं नाव लावून कारखान्यांच्या दारात पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, मान्य. त्यांना धरा, आत टाका. त्यासाठी खऱ्या हमालाचा फंड कशाला काढून घेता?

आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात फंडाचे पैसे आले. त्यातून माझी फी भरली गेली, घरावर स्लॅब पडला. तात्या तेव्हा आमच्याकडे आले होते. ते कागद कितीतरी वेळ उलटेपालटे करून बघत राहिले. हमालालाही असं काही मिळतं, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. आप्पा काही बोलले नाहीत. भावापुढे कसं बोलणार? आत्ता लिहिताना माझा सकाळचा राग ओसरलाय, नुसतं भरून आलंय.

एकाच आईची दोन मुलं आणि एकाच राज्याचा कायदा. आप्पांपर्यंत तो पोहोचला, कारण पंचायतीची माणसं गाळ्यागाळ्यावर जाऊन नोंदणी झाली का, लेव्ही भरली का, हे विचारत होती. तात्यांच्या गोदामात विचारायला कुणी आलंच नाही. विधिमंडळाने आपलं काम केलं होतं, पण तिथून गोदामापर्यंतचा रस्ता संघटनेलाच चालावा लागतो. म्हणून "कायदा आहे ना, मग संघटना कशाला" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

राजस्थानात 2023 मध्ये ॲपवरून कामं घेणाऱ्यांसाठी, म्हणजे जेवण पोहोचवणारे, टॅक्सी चालवणारे यांच्यासाठी, कायदा झाला. तिथल्या संघटनांनी लावून धरला म्हणून झाला. रचना बरीचशी आपल्या माथाडी मंडळासारखीच: मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर उपकर. मग सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली. आता तिथल्या पोरांना पुन्हा रेटा लावावा लागणार.

तात्यांचा नातू सध्या पुण्यात बाईकवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवतो. मागच्या पावसाळ्यात घसरून पडला, हात मोडला. कंपनी म्हणते, तो आमचा नोकर नाही. तेच वाक्य, दोन पिढ्यांनंतर! मी त्याला सांगितलंय, संघटनेत नाव घाल, सभेला जा, वर्गणी जड वाटली तर मी भरते. रविवारी त्यांची बैठक आहे. मीही जाणार आहे त्याच्यासोबत.