वजन थांबल्यावर तीन दिवस फक्त आगळ? : खुलासा

वेंगुर्ल्यातील आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, डाएट करताना वजन उतरायचे थांबले म्हणजे चयापचय (शरीराची अन्नातून ऊर्जा मिळवून ती वापरण्याची क्रिया) बंद पडले आणि तीन दिवस जेवण सोडून केवळ कोकमाच्या आगळाचे (मीठ घातलेल्या घट्ट रसाचे) पाणी प्यायल्यास ते पुन्हा सुरू होते. आहारसल्लागार म्हणून मला हे स्पष्ट करणे भाग आहे, की हा दावा चुकीचा आहे.

जिवंत माणसाचे चयापचय बंद पडत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचा ऊर्जाखर्च बराच मंदावला, पण थांबला नाही. वजन उतरते तशी शरीराची गरजही घटते, त्यामुळे आधी कमी पडणारे जेवण काही महिन्यांनी नेमके पुरेसे ठरते आणि वजन उतरायचे थांबते. शिवाय हाताचे मापही नकळत सैल होते. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचे ‘मूठभर’ ओले खोबरे काट्यावर ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २०० कॅलरी भरले. आदल्या रात्री खारा बांगडा खाल्ला असेल, तर मिठामुळे पाणी साठूनही काटा वर दिसतो.

उपासाने घटते ते बहुतांशी पाणी, आणि ते जेवताच परत येते. आगळात मीठ भरपूर असते, म्हणून उच्च रक्तदाब असलेल्यांना हा प्रयोग अपायकारक आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाका.