‘निदान समोर तरी आहेत’ असं म्हणू नका

माणूस जिवंत असूनही हरवतो, त्या दुःखावरच्या तुमच्या लेखात शेवटी ‘वास्तव स्वीकारा आणि पुढे चला’ असा सल्ला आहे, तो पटला नाही. इथे इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या काकूंच्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. ते रोज समोर बसतात आणि काकूंनाच विचारतात, ‘आपण कोण?’ काकूंनी नेमकं काय स्वीकारायचं? माणूस गेला तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. इथे भेटायलासुद्धा कोणी येत नाही, आणि आलंच तर ‘निदान समोर तरी आहेत’ म्हणून मोकळं होतं. (हे वाक्य आपल्याकडे फार चालतं!)

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम केलेल्या अमेरिकी कुटुंब-समुपदेशक पॉलिन बॉस यांनी 1970च्या दशकात अशा अधांतरी दुःखाची मांडणी केली. त्यांचं म्हणणं, याचा शेवट शोधू नये. ‘आहेत’ आणि ‘नाहीत’ दोन्ही एकदम खरं असू शकतं.

काकूंना उपदेश नको असतो. कोणी दोन तास काकांजवळ बसलं, तर त्या राजवाड्याकडे एक चक्कर मारून येतात. काकांचे जुने किस्से काढले तर खुलतात. घटस्फोट, तुटलेलं नातं यांतही असंच, माणूस असतो, पण आपल्यापुरता नसतो. फारच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मोफत.